दोन डब्या, दोन बल्ब

सोलापुरात प्रसूती विभागाच्या ओपीडीत बाईच्या केसपेपरवर एक ओळ ठरलेली असते: जी४ पी० ए३. चौथ्यांदा दिवस गेलेत, बाळंतपण एकही नाही, तीनदा गर्भपात झालाय, एवढं सगळं त्या तीन अक्षरांत मावतं. ओळ तिच्या नावावर असते. तिच्या नवऱ्याच्या नावाचा केसपेपर निघालेलाच नसतो. तो बाहेर बाकावर बसलेला असतो, नाहीतर मेडिकलसमोर रांगेत. गर्भातली निम्मी गुणसूत्रं त्याच्याकडून आलेली असतात, तरी तिन्ही गर्भपातांचा हिशेब एकाच खात्यावर चढतो. मग घरी जे व्हायचं ते होतं. पिशवी कमजोर आहे, अंगात उष्णता आहे, बाहेरचं काहीतरी आहे, आणि चौथ्यांदाही तसंच झालं तर दुसऱ्या लग्नाची कुजबुज.

या कुजबुजीला उत्तर देणं दवाखान्याचं काम आहे. ते उत्तर बऱ्याचदा दवाखान्याच्याच हाताने कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातं.

माझी मागणी दोन वाक्यांची आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईची पिशवी साफ करताना टेबलावर दोन डब्या असाव्यात, एक फॉर्मॅलिनची (ऊतक कुजू न देणाऱ्या द्रवाची) आणि एक सलाईनची. आणि रक्त तपासायची वेळ आली तर दोन बल्ब, म्हणजे रक्ताच्या नळ्या, भरावेत, एक तिचा आणि एक त्याचा, एकाच दिवशी. याला मोठं यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. सवय बदलावी लागते, आणि ती सरकारी रुग्णालयापासून बदलली पाहिजे, कारण खासगीत पैसे मोजून योग्य सल्ला विकत घेणाऱ्यांची सोय कशीबशी होतेच.

आधी मूळ गोष्ट. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्या. हा आकडा १९५६ साली पक्का झाला. बीजांड आणि शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकेक गुणसूत्र वाटून जायचं असतं. या वाटणीत चूक होते, आणि ती फार वेळा होते. लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण दहा ते पंधरा पडतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांची संख्या वा रचना चुकलेली असते. सोळाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत सर्वांत जास्त सापडते. प्रत्येक पेशीत ती असलेला गर्भ जन्मापर्यंत पोचतच नाही. कधी एक्स गुणसूत्र एकच असतं, कधी अख्खा एक संच जादा येऊन ६९ होतात. बाईचं वय पस्तिशीपुढे गेलं की ही चूक वाढते, आणि चाळिशीनंतर तीनातला एक गर्भ किंवा त्याहून अधिक गर्भ पडतात. या चुका गर्भ रुजण्याआधी किंवा रुजता रुजता होऊन गेलेल्या असतात. पपई खाल्ली, जिना चढला, गाडीवर मागे बसून अक्कलकोटला जाऊन आली, दिवसभर मांडी घालून हजार विड्या वळल्या, यातल्या कशानेही गुणसूत्रांची संख्या बदलत नाही. हे वाक्य डॉक्टरांनी बाईला तर सांगावंच, पण सासूच्या समोर, मोठ्याने सांगावं.

आता डबीकडे येऊ, कारण सगळं इथे बिघडतं.

गर्भाची वाढ थांबली, ठोके आले नाहीत, की क्युरेटिंग होतं, म्हणजे पिशवी साफ करतात. निघालेला भाग बहुतेक ठिकाणी फॉर्मॅलिनच्या डबीत टाकून पॅथॉलॉजीकडे जातो. तो तसा जायलाही हवा. द्राक्षगर्भ, म्हणजे गर्भाऐवजी वारेचीच द्राक्षांसारखी वाढ, तर नाही ना, हे तिथेच कळतं. पण फॉर्मॅलिनमध्ये पडलेली पेशी मेली. ती वाढवता येत नाही, त्यामुळे तिची गुणसूत्रं मोजता येत नाहीत, आणि तिचा डीएनएही तुटत जातो. महिन्याभराने पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, ते जनुकीय तपासणी हवी म्हणतात, आणि तेव्हा हातात असतो फक्त ‘गर्भाचे अवशेष आढळले’ असा एका ओळीचा रिपोर्ट. जो साक्षीदार सगळं सांगू शकला असता त्याचं तोंड आपणच बंद केलेलं असतं.

म्हणून दुसरी डबी. निर्जंतुक, घट्ट झाकणाची, त्यात नॉर्मल सलाईन, किंवा लॅबने दिलं असेल तर त्यांचं पेशी जिवंत ठेवणारं गुलाबी माध्यम. निघालेला भाग आधी सलाईनमध्ये धुवायचा, रक्ताच्या गाठी बाजूला करायच्या आणि पाण्यात तरंगवून बघायचा. गर्भाच्या वारेचे तंतू पांढरट असतात, बारीक फांद्या फुटल्यासारखे पसरतात, शेवाळासारखे हलतात. पिशवीचं अस्तर चपटं असतं, त्याचे पापुद्रे निघतात. आपल्याला तंतू हवेत. घाईत अस्तर पाठवलं तर लॅब आईचीच गुणसूत्रं मोजते आणि रिपोर्ट येतो ४६,एक्सएक्स, म्हणजे बाईची नेहमीची गुणसूत्रं, नॉर्मल. घरचे म्हणतात, बघा, गर्भात काही दोष नव्हता, हिच्यातच आहे. एका डबीत चुकीचा तुकडा गेल्याचा हा परिणाम. त्यामुळे गर्भाच्या नमुन्याबरोबर आईचं दोन मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बल्बमध्ये पाठवावं, म्हणजे दोघांचा डीएनए ताडून बघता येतो. डबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि शक्यतो चोवीस तासांत रवाना करायची. गोळ्या देऊन घरी पाठवलेल्या बाईच्या हातातही अशी एक डबी द्यावी. तिला तेव्हा काय सांगितलं तरी जड जाणार, हे खरं. पण आत्ता डबी दिली नाही तर पुढचं वर्ष अंदाजात जातं.

कोणत्या गर्भपातानंतर हे करायचं, यावर जगात दोन मतं आहेत. अमेरिकी आणि युरोपीय तज्ज्ञसंस्था दोन गर्भपात झाले की त्याला वारंवार गर्भपात म्हणतात, ब्रिटनमधली प्रसूतितज्ज्ञांची संस्था तीनवर थांबते. पहिल्याच गर्भपातानंतर तपासण्यांचा मारा नको, यावर मात्र सगळे एक आहेत. माझं मत दुसऱ्यापासून डबी भरण्याचं आहे. तिसऱ्याची वाट बघायला सांगणं कागदावर सोपं असतं.

गर्भाचा रिपोर्ट पुढची वाट ठरवतो, आणि पैसेही वाचवतो. साधी जादा प्रत निघाली, समजा सोळावी, तर तो वाटणीतला अपघात. नवरा-बायकोची गुणसूत्रं तपासायची सहसा गरज नाही, पुढच्या वेळची आशाही चांगली. तेराव्या, चौदाव्या, पंधराव्या, एकविसाव्या किंवा बाविसाव्याची जादा प्रत असेल तर थोडं सावध राहावं, कारण तिच्यामागे आईवडिलांपैकी एकाची जोडलेली गुणसूत्रं असू शकतात. एखाद्या गुणसूत्राचा तुकडा जादा आणि दुसऱ्याचा तुकडा कमी असं निघालं, तर दोघांचंही रक्त घ्यायलाच हवं. गर्भ नॉर्मल निघाला तर लक्ष दुसरीकडे वळवायचं: बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासायच्या फॉस्फोलिपिडविरोधी अँटीबॉडी, थायरॉइड, साखर, पिशवीतला पडदा. यातल्या अँटीबॉडीवर कमी मात्रेचं ॲस्पिरिन आणि हेपॅरिनचं इंजेक्शन असा खरा उपाय आहे. आपल्याकडे मात्र पहिली चिठ्ठी टॉर्चची, म्हणजे टोक्सोप्लाझ्मा, रुबेला अशा संसर्गांच्या रक्ततपासणीची, निघते. वारंवार गर्भपाताच्या तपासात टॉर्च पॅनेलचा उपयोग नाही, मार्गदर्शक सूचनांनी ते कधीच बाद केलंय, तरी गावोगावी त्यावर पैसे जातात. जी रक्कम टॉर्चवर आणि महिनोन् महिने बेडरेस्टमध्ये बुडालेल्या मजुरीत जाते, तिच्यात डबीची तपासणी बऱ्यापैकी भागते.

आता नवरा-बायकोची गोष्ट. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी दोन ते पाच जोडप्यांत एकाच्या गुणसूत्रांची मांडणी बदललेली असते, आणि त्या माणसाला त्याचा काडीचा त्रास नसतो. याला संतुलित स्थानांतर म्हणतात, रिपोर्टवर ट्रान्सलोकेशन लिहिलेलं असतं. मागावर कांड्या भरणाऱ्या घरात हे समजावणं सोपं आहे. घरात दोन लाल कांड्या आहेत आणि दोन हिरव्या. एका लाल कांडीच्या टोकाचं सूत सुटून हिरवीवर गेलं आणि त्या हिरवीच्या टोकाचं लालवर आलं. एकूण सूत तेवढंच, लाल पूर्ण, हिरवंही पूर्ण, त्यामुळे माणूस धडधाकट. पण मुलाला एक लाल आणि एक हिरवी कांडी द्यायची असते. दोन्ही शुद्ध गेल्या, मूल नॉर्मल. दोन्ही मिश्र गेल्या, मूल त्या आईसारखं किंवा बापासारखंच वाहक, म्हणजे बदललेली मांडणी बाळगणारं, पण निरोगी. शुद्ध लाल आणि मिश्र हिरवी गेली तर लाल जादा, हिरवं कमी; उलट झालं तर उलटं. हे शेवटचे दोन गर्भ बहुधा पडतात. कधीकधी मात्र टिकतात आणि व्यंग घेऊन जन्मतात. प्रत्यक्ष वाटणी इतकी सरळ चार घरांची नसते. तुकडा केवढा, कुठे तुटला, वाहक आई आहे की बाप, यावर धोका बदलतो. म्हणून ‘ट्रान्सलोकेशन आहे’ एवढ्यावर कोणाचं भविष्य सांगू नये. दुसऱ्या एका प्रकारात १३, १४, १५, २१, २२ यांपैकी दोन गुणसूत्रं अख्खी जोडली जातात, १३ आणि १४ची जोडी त्यात सर्वांत जास्त. असा माणूस ४५ गुणसूत्रांवर उत्तम जगतो. मात्र २१ला २१च चिकटलं असेल तर त्या व्यक्तीच्या बीजातून निरोगी मूल होऊ शकत नाही, तिथे दात्याचं बीज किंवा दत्तक हाच मार्ग. दोन रिपोर्टांत एका आकड्याचा फरक, आणि आयुष्याचा निर्णय वेगळा. रिपोर्ट वाचून दाखवणारा माणूस हवाच हवा, तो यासाठी.

रक्ताचा बल्ब हिरव्या झाकणाचा, सोडियम हेपॅरिनचा. तीन ते पाच मिली. भरल्यावर हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटासुलटा करायचा, नाहीतर गाठ धरते. सवयीने जांभळा बल्ब भरला की वाढ नीट होत नाही. लॅबमध्ये हे रक्त पेशींना विभागायला लावणाऱ्या द्रव्यात ३७ अंशांवर साधारण ७२ तास वाढवतात, कोल्चिसिनने विभाजन ऐन मधे थांबवतात, पातळ क्षाराच्या पाण्यात पेशी फुगवतात, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसिटिक ॲसिडमध्ये पक्क्या करतात, मग ट्रिप्सिन आणि जिम्सा रंगाने पट्टे उठवून किमान वीस पेशी मोजतात. या तपासणीला कॅरिओटाइप म्हणतात. जिवंत पेशी पोचली तरच हे सगळं. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३वर असताना दुपारी कुरिअरच्या गाडीत पडलेला बल्ब संपतो, आणि बर्फाला चिकटवून पाठवलेलाही संपतो. थर्माकोलच्या डब्यात, थंड पिशवी आणि बल्ब यांच्यामध्ये कापडाची घडी, सकाळी लवकर, सोमवार ते गुरुवार. शनिवारी घेतलेलं रक्त रविवारभर कुठेतरी पडून राहतं. मग ‘वाढ झाली नाही, नमुना पुन्हा पाठवा’ असा निरोप येतो, आणि तेव्हा करमाळ्याहून पुन्हा येणं त्या जोडप्याला परवडत नाही.

दोन चुका इथे वारंवार दिसतात. पहिली, आईवडिलांसाठी कॅरिओटाइपऐवजी मायक्रोॲरे लिहिणं. ॲरे फक्त जादा आणि कमी मोजतं. जागा बदललेली पण बेरीज तीच, हे त्याला दिसत नाही. महागडी तपासणी नॉर्मल येते आणि वाहक माणूस हातातून निसटतो. दुसरी, निरुपद्रवी फरकाचा बाऊ. नवव्या गुणसूत्राची ठरावीक उलटापालट, किंवा पहिल्या, नवव्या, सोळाव्या गुणसूत्राचा थोडा लांब भाग, हे सर्वसाधारण लोकांत सापडणारे फरक आहेत. त्यांनी गर्भपात होत नाही. ‘इन्व्हर्शन ९’ ही अक्षरं वाचून कोणी टेस्ट ट्यूब बेबी सेंटर गाठत असेल, तर रिपोर्ट देणाऱ्यानेच त्याला अडवलं पाहिजे.

आक्षेप येतात, आणि ते फालतू नाहीत. पहिला असा की वाहक बहुतेक बायकाच निघतात, मग पुरुषाचं रक्त कशाला? अशा जोडप्यांत बाई वाहक असण्याचं प्रमाण साधारण दुप्पट असतं, हे खरं आहे. वाहक पुरुषांत शुक्राणूच कमी असल्याने काहींच्या घरी दिवसच जात नाहीत. पण दुप्पट म्हणजे तीनातली दोन. तिसरा पुरुष आहेच, आणि त्याला न तपासता बाईचा रिपोर्ट नॉर्मल आला तर उत्तर अर्धंच मिळतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. शंभरातल्या दोन-पाचांसाठी सगळ्यांचं रक्त का तपासायचं? नकोच. म्हणून तर डबी आधी. डबीतून उत्तर मिळालं नाही, किंवा आधीच्या गर्भपातांचा नमुनाच उरला नाही, तरच सरळ रक्ताकडे वळावं, आणि तेही आधी इतिहास विचारून. दुसऱ्या गर्भपाताच्या वेळी बाईचं वय कमी असेल, गर्भपात तीन किंवा जास्त असतील, दोघांपैकी कोणाच्या आईला किंवा भावंडांच्या घरात असेच दोन-तीनदा गर्भ पडले असतील, तर वाहक असण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे विशी ओलांडताच लग्न झालेल्या मुली आहेत. बाविसाव्या वर्षी तिसरा गर्भपात म्हणजे वयाचं कारण बाद. तिथे विचारायचा प्रश्न एवढाच: तुमच्या नणंदेला, जावेला, सासूबाईंना असं झालं होतं का? माहेरचा इतिहास सगळे विचारतात, सासरचा कोणी विचारत नाही.

तिसरी गोष्ट सोलापुरात फार ऐकू येते: नात्यातलं लग्न आहे ना, मग होणारच. मामाच्या मुलीशी, भाचीशी लग्न इथे अनेक समाजांत रूढ आहे, कर्नाटक-तेलंगणाशी आपली सोयरीक आहे. नात्यातल्या लग्नाने दोन्हीकडून तोच दबलेला दोष एकत्र येऊन काही आजारांचा धोका वाढतो, हे नाकारता येत नाही. पण स्थानांतर नात्यातल्या लग्नाने तयार होत नाही. ते एकाकडूनच पुरतं. नात्याचं कारण सांगून तपास बंद करणारा डॉक्टर त्या जोडप्यावर अन्याय करतो.

आणि वाहक निघाल्यावर पुढे काय? नेदरलँड्समधल्या २००६ सालच्या अभ्यासात वारंवार गर्भपात झालेल्या वाहक जोडप्यांपैकी ८३ टक्क्यांना, सरासरी सहाएक वर्षांत, किमान एक निरोगी मूल झालं. वाहक नसलेल्यांत तो आकडा ८४ होता. वाहकांचे गर्भपात जास्त होतात, वाट लांबते, पण बहुतेकांची ओटी भरते. गर्भ बाहेर वाढवून, तपासून मग रोवण्याचा उपाय आहे, त्याने गर्भपात कमी होतात. पण शेवटी मूल होणाऱ्या जोडप्यांचं प्रमाण वाढतं याला भक्कम पुरावा नाही, आणि खर्च लाखांत. त्यासाठी शेत विकायला लावणाऱ्याने हा ८३चा आकडा आधी सांगायला हवा. नैसर्गिकरीत्या दिवस गेले तर ११ ते १४ आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा १६च्या आसपास गर्भजल तपासता येतं. गर्भलिंगनिदानबंदीच्या १९९४च्या कायद्याची भीती दाखवून हे टाळलं जातं. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या बाईला अशी तपासणी करता येते असं स्पष्ट लिहिलंय. नोंदणीकृत केंद्र हवं, लिंग सांगायचं नाही, आणि लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यायची. सोलापुरात ती भाषा मराठी असेल, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू असेल. इंग्रजी फॉर्मवर अंगठा म्हणजे संमती नव्हे.

या शहरात वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेलं सिव्हिल आहे, जिल्हाभरातून आणि सीमेपलीकडून बायका तिथे येतात. गुणसूत्रांची लॅब इथेच उभी राहावी असा माझा हट्ट नाही; नमुना पुण्या-मुंबईला जाऊ शकतो. इथे हवी ती थिएटरच्या ट्रॉलीवर सलाईनची डबी, फ्रीजमध्ये हिरवे बल्ब, आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, खर्च शासनाचा, आणि रिपोर्ट समजावायला चार भाषांतला निदान एक प्रशिक्षित समुपदेशक. रिपोर्ट दोघांना एकत्र, दार लावून सांगावा. सासू-सासऱ्यांना सांगायचं की नाही हे ती दोघं ठरवतील. दोष बायकोत निघाला म्हणून तिला माहेरी धाडायचं हत्यार या कागदाचं होऊ नये, याची जबाबदारी तो कागद देणाऱ्याचीही आहे.

कॅरिओटाइप आयुष्यात एकदाच करायची तपासणी आहे. प्रत्येक गरोदरपणात पुन्हा करू नये, रिपोर्ट मात्र आधार कार्डासारखा जपावा. आणि वाहकाच्या सख्ख्या भावाबहिणींना तो दाखवावा. स्थानांतर आईवडिलांकडून आलं असेल तर प्रत्येक भावंड वाहक असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. बार्शीत दिलेल्या बहिणीचा पहिला गर्भ नुकताच पडला असेल, तर तिच्या डॉक्टरांना भावाच्या रिपोर्टची झेरॉक्स हवी, आणि तिच्यासाठी एक हिरवा बल्ब.